अर्धा दिवस, एकच वाडा: प्रागहून कोनोपिश्त्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जूनमध्ये तीन दिवस प्रागमध्ये आहात. सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, आईंचे गुडघे दुखरे. दोन दिवस शहर बघणार आणि तिसऱ्या दिवशी एखादा जुना राजघराण्याचा नाहीतर सरदारांचा वाडा बघून चार-साडेचारपर्यंत परत यायचं, तेही गाडी भाड्याने न घेता. सगळे कार्लश्टेन सुचवतात, तर तिथेच जावं का?

मी चौदा वर्षं प्रागमध्ये राहते. त्यातली अकरा वर्षं मराठी आणि हिंदी पाहुण्यांना इथल्या गावांतून, वाड्यांतून फिरवण्यात गेली. तुमच्या मंडळींबद्दल वाचल्यावर माझ्यासमोर एकच नाव आलं: कोनोपिश्त्ये. बेनेशोव्ह गावाजवळ, प्रागच्या आग्नेयेला साधारण ५० किलोमीटरवर.

कार्लश्टेन का नको, ते आधी सांगते. चेक भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. ‘ह्रद’ म्हणजे गड, लढण्यासाठी आणि राखण्यासाठी बांधलेला. ‘झामेक’ म्हणजे वाडा, राहण्यासाठी आणि पाहुण्यांना दिपवण्यासाठी बांधलेला. परदेशी माहितीपत्रकं दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि माणसं फसतात. कार्लश्टेन हा ह्रद. सम्राट चौथ्या कार्लने १३४८ मध्ये त्याचा पाया घातला, पुढे राजचिन्हं आणि पवित्र अवशेष तिथे सांभाळले गेले. दिसायला फार देखणा, पण स्टेशनपासून गडापर्यंत चढच चढ आहे आणि जूनमध्ये त्या चढावर जत्रेसारखी गर्दी असते. आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. शिवाय तुम्हाला माणसं जिथे राहिली, जेवली, मुलं वाढवली ते घर बघायचंय. त्यासाठी झामेकच हवा.

कोनोपिश्त्ये मुळात गडच होता. तेराव्या शतकाच्या शेवटी प्रागचे बिशप टोबियाश यांच्या काळात तो उभा राहिला, फ्रेंच पद्धतीचा, गोल बुरुजांचा. पंधराव्या शतकात राजा यिर्झी पोदेब्राद याच्या सैन्याने वर्षाहून जास्त काळ वेढा घातला तेव्हा कुठे तो पडला. १६४८ मध्ये स्वीडिश फौजेने तो लुटला. नंतर मालक बदलत गेले, खंदकावर पूल आला, दरवाजाला बरोक नक्षी आली, गडाचा वाडा झाला. बाबांना यात रस वाटेल, पण तुम्ही तिथे जायचं ते १८८७ नंतरच्या सत्तावीस वर्षांसाठी.

१८८७ मध्ये हा वाडा लोबकोविच घराण्याकडून ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक (राजपुत्र) फ्रान्झ फर्डिनांडने विकत घेतला, ज्याच्या खुनातून पुढे पहिलं महायुद्ध पेटलं तोच हा. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. पैसा आला कुठून? लहान असतानाच त्याला इटलीतल्या मोदेना संस्थानच्या शेवटच्या ड्यूकचा वारसा मिळाला होता. अट एकच, ‘एस्ते’ हे त्यांचं आडनाव लावायचं. आपल्याकडे दत्तक जाताना नाव बदलतं, तसंच समजा. त्या वारशात इस्टेट होती, रोकड होती आणि शस्त्रांचा प्रचंड संग्रह होता. तो संग्रह आज कोनोपिश्त्येत आहे आणि युरोपातल्या मोठ्या शस्त्रसंग्रहांमध्ये गणला जातो. वाड्याची डागडुजी वास्तुविशारद योसेफ मोकर यांनी केली. प्रागचं सेंट व्हिटस कॅथिड्रल पूर्णत्वाकडे नेणारे आणि कार्लश्टेनचा जीर्णोद्धार करणारेही तेच. बाहेरून त्यांनी मध्ययुग परत आणलं आणि आत वीज, लिफ्ट, नळाचं पाणी, न्हाणीघरं आणली.

आता मुद्द्याचं. आत स्वतःच्या मनाने हिंडता येत नाही. वेगवेगळे फेरे असतात, प्रत्येकाचं तिकीट वेगळं, वेळ ठरलेली, आणि वाड्याचाच गाइड नेतो. दक्षिणेकडच्या दालनांचा एक, उत्तरेकडच्या दालनांचा आणि शस्त्रागाराचा दुसरा, आणि फर्डिनांडच्या कुटुंबाच्या खासगी खोल्यांचा तिसरा. तिसऱ्यात एका वेळी मोजकीच माणसं घेतात, म्हणून तो आधी आरक्षित करावा लागतो. तुम्ही तिसराच घ्या. एकच घ्या.

हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे एक अनुभव आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी पुण्याच्या आठ जणांसाठी एका दिवसात लागोपाठ तीन फेरे ठरवले होते. इतक्या लांबून आलेत तर सगळं दाखवावं, ही माझी समजूत. दुसऱ्या फेऱ्यात एका काकांचे पाय भरून आले. गाइड प्रत्येक खोलीत शिरल्यावर मागचं दार कुलूपबंद करतो, त्यामुळे मधूनच बाहेर पडणं सोपं नसतं, आणि आतल्या खुर्च्यांवर बसायची अर्थातच परवानगी नाही. काका भिंतीला टेकून उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मी विचारलं, काय लक्षात राहिलं? आठांपैकी सहा जणांनी शिंगं सांगितली आणि पुढे काही सांगता येईना. त्यांना एका घराची गोष्ट कळायला हवी होती आणि मी त्यांना सामानाची यादी दाखवून आणलं होतं. तेव्हापासून मी एकच फेरा करते आणि राहिलेला वेळ बाग, तळं आणि बाकावर बसण्याला देते.

शिंगांचं मात्र आधीच सांगून ठेवायला हवं, विशेषतः मुलाला. वाड्याच्या बोळांतून, जिन्यांवरून भिंती दिसेनाशा होतील इतकी शिंगं, पेंढा भरलेली डोकी आणि पक्षी लावलेले आहेत. खाली प्रत्येकाची तारीख, ठिकाण. फर्डिनांडने आयुष्यभरात मारलेल्या जनावरांची नोंद ठेवली होती आणि तो आकडा पावणेतीन लाखांच्या घरात जातो. पन्नास वर्षांचं आयुष्य आणि पावणेतीन लाख जीव. माझ्यासोबत आलेल्या काही आज्यांनी तिथे डोळ्यांवर पदर घेतला आहे, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. मलाही तिथून जाताना अजून जड होतं. पण हा भाग टाळून पुढे जाता येत नाही आणि जाऊही नये, कारण पुढच्या खोल्यांत जो प्रेमळ बाप भेटतो तो हाच माणूस आहे.

बाबांसाठी इथे एक धागा आपल्याकडचा आहे. १८९२ च्या डिसेंबरात फर्डिनांड त्रिएस्ते बंदरातून ‘कायझरिन एलिझाबेथ’ या युद्धनौकेवरून जगाच्या फेरीला निघाला. सिलोन करून १८९३ च्या जानेवारीत तो मुंबईत उतरला. तिथून हैदराबाद, शिंद्यांचं ग्वाल्हेर, जयपूर असं फिरत त्याने आपल्या मुलखातही शिकार केली, वाघांचीसुद्धा. पुढे जपान आणि अमेरिका करून तो परतला. या प्रवासाची त्याची रोजनिशी व्हिएन्नात दोन खंडांत छापली गेली आणि गोळा केलेल्या हजारो वस्तू तिथल्याच संग्रहालयात आहेत. कोनोपिश्त्येच्या भिंती बघताना ती मुंबईची तारीख डोक्यात ठेवा. ज्या काळात आपल्याकडे टिळक सार्वजनिक गणेशोत्सवाला आकार देत होते, त्याच वर्षी हा तरुण आपल्या गोदीत उतरला होता.

आता खासगी खोल्या. इथे माझं मन सगळ्यात जास्त गुंततं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फर्डिनांडचा चुलतभाऊ, म्हणजे सम्राट फ्रान्झ योसेफचा एकुलता एक मुलगा रुडोल्फ, १८८९ मध्ये गेला. १८९६ मध्ये फर्डिनांडचे वडील वारले आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याचा वारसा त्याच्याकडे आला. अशा माणसाचं लग्न राजघराण्यातच व्हायला हवं होतं. त्याचं मन मात्र सोफी खोतेकवर जडलं होतं. सोफी बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातल्या, जुन्या काउंट घराण्यातली. व्हेल्त्रुसी आणि काचिना हे प्रागच्या आसपासचे देखणे वाडे तिच्याच घराण्याने बांधलेले. पण काउंटची मुलगी म्हणजे राजघराणं नव्हे, आणि त्यात ती एका आर्चडचेसच्या पदरी मानकरीण म्हणून होती. सम्राटाने नकार दिला, हा हटला नाही. शेवटी तोडगा निघाला. लग्न करा, पण बायकोला तुमचा दर्जा मिळणार नाही आणि मुलांना गादीवर हक्क राहणार नाही. २८ जून १९०० ला त्याने दरबारासमोर तशी शपथ घेतली आणि १ जुलैला उत्तर बोहेमियातल्या झाकुपी इथे लग्न झालं. सम्राट आला नाही.

व्हिएन्नाच्या दरबारात त्यानंतर सोफीच्या वाट्याला जे आलं ते आपल्या घरांत वाढलेल्या कोणालाही पटकन कळेल. मिरवणुकीत नवऱ्याच्या बाजूने चालायचं नाही, वयाने लहान अशा राजकन्यांच्याही मागे राहायचं. समारंभात शाही गाडीत त्याच्या शेजारी बसायचं नाही. भावी सम्राटाची बायको, आणि पंगतीत तिचं पान शेवटी.

कोनोपिश्त्येत हे काहीच नव्हतं. इथे ती घरची मालकीण होती. आल्यागेल्याचं स्वागत तिने करायचं, जेवणाच्या टेबलावर ती नवऱ्याबरोबर बसायची. थोरली मुलगी (तिचंही नाव सोफीच) आणि धाकटा अर्न्स्ट, दोन्ही मुलं इथेच जन्मली, मधला माक्सिमिलियान व्हिएन्नात. म्हणून या खोल्यांत शिरलं की सोनेरी मुलाम्यापेक्षा राहतेपण दिसतं. कामाची खोली, न्हाणीघर, मुलांचं सामान, घरातल्या माणसांच्या तसबिरी. तो माणूस दरबारात तापट आणि अढीखोर म्हणून ओळखला जायचा. घरच्यांसाठी तो वेगळा होता, आणि त्या वेगळेपणाची साक्ष भिंतीच देतात. बाहेर जिथे बायकोला मान नव्हता, तिथे त्याने एक अख्खं घर असं उभं केलं की जिथे तो होता. मी आत शिरण्याआधी पाहुण्यांना एवढं एकच सांगते: प्रत्येक खोलीत सोफीची खुर्ची कुठे असेल ते शोधा.

१९१४ च्या १२ जूनला जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म, त्याचे नौदलप्रमुख टिर्पिट्झ यांच्यासह इथे पाहुणा म्हणून आला होता. गुलाब बहरलेले होते आणि बाग दाखवणं हे भेटीचं एक निमित्त होतं. काही दिवसांनी कुटुंब दक्षिणेकडच्या ख्लुम इथल्या आपल्या दुसऱ्या घरी गेलं. मुलांना तिथेच ठेवून २३ जूनला नवराबायको प्रवासाला निघाले, पुढे बोस्नियातल्या सारायेवोकडे. तिथे तो लष्करी पाहणीसाठी जात होता आणि त्या कार्यक्रमात सोफीला त्याच्या शेजारी उघड्या मोटारीत बसता येणार होतं. २८ जूनला, शपथेच्या दिवसाला बरोबर चौदा वर्षं झाली त्या दिवशी, गावरिलो प्रिन्सिपच्या गोळ्यांनी दोघंही गेले. बातमी आली तेव्हा मुलगी सोफी बारा वर्षांची होती, माक्सिमिलियान अकराचा, अर्न्स्ट दहाचा. तुमच्या मुलाला पहिल्या महायुद्धाची कारणं समजावत बसू नका, एवढंच सांगा. त्याला तो वाडा बरोबर कळेल.

फर्डिनांडला लागलेली गोळी कोनोपिश्त्येच्या संग्रहात आहे. मोटार आणि रक्ताने माखलेला गणवेश व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात. सोफीला हॅब्सबुर्ग राजघराण्याच्या व्हिएन्नातल्या दफनगृहात जागा मिळणार नव्हती, हे ओळखून त्याने आधीच ऑस्ट्रियातल्या आर्टश्टेटन इथे स्वतःसाठी आणि तिच्यासाठी दफनगृह बांधून ठेवलं होतं. दोघंही तिथे शेजारी शेजारी आहेत.

मुलांचं पुढे काय झालं हे गाइड बहुधा घाईत सांगतात. साम्राज्य कोसळल्यावर १९१९ मध्ये नव्या चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने त्यांना वाड्यातून बाहेर काढलं आणि १९२१ च्या कायद्याने मालमत्ता सरकारजमा झाली. गादीवर हक्क नाही असं ज्यांच्याबद्दल शपथेवर लिहून घेतलं होतं, त्यांचं घर मात्र हॅब्सबुर्गांचं म्हणून गेलं. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर दोन्ही भावांना नाझींनी डाखाऊच्या छळछावणीत टाकलं, धाकटा अर्न्स्ट १९४३ पर्यंत सुटला नाही. त्याच युद्धात बेनेशोव्हच्या परिसरातली गावं रिकामी करून एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचं लष्करी सरावक्षेत्र केलं गेलं आणि हा वाडाही एसएसच्या ताब्यात होता. आज तो राष्ट्रीय वारसा संस्थेकडे आहे. वाड्याच्या प्रमुखाला इथे ‘कास्तेलान’ म्हणतात, आपला किल्लेदारच.

आता जाण्याचं. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून, म्हणजे ‘ह्लाव्ह्नी नाद्राझी’वरून, बेनेशोव्हला दिवसभर गाड्या असतात. एस ९ ही उपनगरी गाडी सगळीकडे थांबत तासाभरात पोहोचवते, जलद गाडी पाऊण तासाच्या आत. फलकावर दोन आकडे असतात. ‘नास्तुपिश्त्ये’ म्हणजे फलाट आणि ‘कोलेय’ म्हणजे त्या फलाटाचा रूळ. दुसरा आकडा न बघता शेजारच्या गाडीत जाऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आकडे गाडीच्या थोडं आधी लागतात, तोवर फलकाखालीच थांबा. शहर वाहतुकीचं कागदी तिकीट बेनेशोव्हपर्यंत चालतं, मात्र पुरेशा विभागांचं हवं, आणि प्रवास सुरू करताना पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट.

बेनेशोव्ह स्टेशनपासून वाडा दोन-अडीच किलोमीटर. चालणाऱ्याला अर्धा-पाऊण तास, शेवटचा भाग झाडीतून. झाडांच्या खोडांवर तीन पट्टे रंगवलेले दिसतील, वरखाली पांढरे आणि मध्ये रंगीत. चेक लोकांनी १८८९ पासून देशभर अशा पायवाटा आखल्या आहेत आणि त्या पट्ट्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. पण आईंनी चालायचं नाही. त्यांच्यासाठी आणि बाबांसाठी स्टेशनवरून टॅक्सी घ्या. टॅक्सी जिथे सोडेल तिथून वाड्यापर्यंत थोडा चढ उरतोच. मोसमात तिथे रस्त्यावरून धावणारी छोटी पर्यटक आगगाडी असते, मुलालाही ती आवडेल. मुलाला घेऊन तुम्ही झाडीतून चालत या, त्याचे पाय मोकळे होतील आणि आत तो शांत राहील.

वेळ अशी बांधा. प्रागहून साडेआठच्या सुमारास निघा, दहाच्या आसपास वाड्यापाशी, साडेदहा-अकराचा फेरा. आत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, दारांचं वर सांगितलंच. बहुतेक फेरे चेक भाषेत असतात, इंग्रजीचे ठरावीक वेळी आणि महाग. इंग्रजीची वेळ जुळली तर घ्या. नाही जुळली तर चेक फेऱ्यात जा आणि दाराशी छापील इंग्रजी मजकूर मागून घ्या. बाबांनी वरची गोष्ट गाडीत एकदा वाचली असेल तर त्यांना फारसं अडणार नाही. फेऱ्यात बाहेरच्या माणसाने मोठ्याने समजावणं चालत नाही, त्यामुळे माझ्यासारखीसुद्धा बाहेर अंगणातच बोलून घेते. आत जिने आहेत. आईंनी कठड्याला धरून सगळ्यात शेवटी चढावं. गाइडला सुरुवातीलाच हाताने गुडघा दाखवला तर तो थांबतो. जूनमध्येही आत गारवा असतो, शाल हवी.

फेरा संपला की बारा-साडेबारा होतील. बाबा आणि मुलगा उत्साहात असतील आणि तिकीट मिळत असेल तर त्या दोघांनाच शस्त्रागाराच्या फेऱ्याला पाठवा. नऊ वर्षांच्या मुलाला घोड्यासकट चिलखतं बघायला कंटाळा येत नाही. संत जॉर्जची चित्रं, मूर्ती, पदकं असा हजारो वस्तूंचा वेगळा संग्रहही फर्डिनांडने केला होता. एकच संत, एकच घोडा, एकच राक्षसी सर्प, आणि तो हजारो तऱ्हांनी. मला त्यात फर्डिनांडचा हट्टी स्वभाव दिसतो, पण अर्ध्या दिवसात ते सोडलं तरी चालेल.

आईंना घेऊन तुम्ही गुलाबबागेत जा. जून म्हणजे नेमका बहर. सभोवतालचं उद्यान २२५ हेक्टरांचं आहे, ते सगळं बघायचा विचारही करू नका. गुलाबबाग मात्र वाड्याजवळ, सपाटीवर, बसायला बाक असलेली. आखीव ताटवे, मध्ये दगडी पुतळे, मागे झाडांच्या वर बुरुजांची टोकं. माझ्या एका पाहुण्या मावशींना वाड्यातलं काही आठवत नाही, पण त्या बाकावर बसून खाल्लेली दशमी आठवते, आणि त्यांच्या बाजूने तो दिवस पूर्ण झाला होता.

खाण्याचं. वाड्याच्या आसपास खानावळी आहेत, पण शाकाहारी असाल तर पर्याय थोडे. तळलेलं चीज म्हणजे ‘स्माझेनी सिर’ सगळीकडे मिळतं, सोबतच्या पांढऱ्या सॉसमध्ये अंडं असतं. बटाट्याचे ‘ब्रांबोराक’ थालीपिठासारखे लागतात, लसूण घालतात, आईंना आवडतील. ‘ओव्होत्स्ने क्नेद्लिकी’ म्हणजे आत फळ भरलेले उकडलेले गोळे, वरून दही-चीज नाहीतर लोणी-साखर. आपल्या मोदकांची आठवण येते आणि इथे ते जेवण म्हणूनच खातात. सूप मागताना विचारा, साध्या लसणाच्या सूपलाही मांसाचा रस्सा असू शकतो. मांसाला चेक शब्द ‘मासो’, आणि तो आपल्या ‘मांस’चाच दूरचा भाऊ, एकाच मुळातून आलेला. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. तरी हॅम आणि बेकन नाही ना, हे वेगळं विचारा, कारण पुष्कळ खानसाम्यांच्या लेखी ते ‘मासो’त मोडत नाहीत. मांसाहारी मंडळींनी ‘स्विच्कोव्हा’ घेताना लक्षात ठेवा, ते गोमांस असतं. बेनेशोव्हमध्ये फर्डिनांडनेच १८९७ मध्ये सुरू केलेली बिअरची भट्टी आजही त्याच्या नावाने चालते. सोबत थोडी दशमी-चटणी असली की कुणाचाच खोळंबा होत नाही. पैसे चेक क्राउनमध्ये ठेवा, युरो सगळीकडे घेत नाहीत.

अडीच-पावणेतीनला निघालात तर सव्वाचारपर्यंत प्रागमध्ये असाल.

कोनोपिश्त्येची तिकिटं मिळालीच नाहीत तर दुसरा पर्याय नेलाहोझेवेस. प्रागच्या उत्तरेला, गाडीने साधारण चाळीस मिनिटं, व्लतावा नदीच्या काठी, वाडा स्टेशनपासून जवळ. तो लोबकोविच घराण्याचा, साम्यवादी राजवट गेल्यावर त्यांना परत मिळालेला. त्याच्या पायथ्याशी १८४१ मध्ये संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक ज्यात जन्मले ते घर आहे. आईंसाठी चालणं कमी. पण तिथे सोफीची गोष्ट नाही. प्रुहोनित्से हे तिसरं नाव कोणी सुचवेल. ते उद्यान फार सुंदर आहे, मात्र मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले असताना जायचं ठिकाण, आणि वाड्यासाठी कोणी तिथे जात नाही.

तुम्ही तारखा लिहिलेल्या नाहीत. तिसरा दिवस सोमवार येत असेल तर शहराचा एखादा दिवस तिकडे सरकवा आणि कोनोपिश्त्ये आधीच्या रविवारी करा, किंवा मुक्काम एक दिवस वाढवता आला तर मंगळवारी, कारण सोमवारी वाडा बंद असतो. दोन्हींतला मंगळवार बरा, रविवारी प्रागची निम्मी कुटुंबं मुलांना घेऊन तिथेच येतात. तारीख ठरली की आधी तिसऱ्या फेऱ्याची वेळ आरक्षित करा आणि मग तिच्याप्रमाणे गाडी शोधा.